पेजमेकर उघडलं, पण डोंगल घेईना

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या ताई कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असतात. वडिलांची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, यात्रेची हँडबिलं, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल अशी कामं चालतात. सगळं डीटीपी आजही एका जुन्या विंडोज एक्सपी मशीनवर होतं, पानं लावायचं पेजमेकर ७ आणि त्यासोबत डोंगल (कॉम्प्युटरला खोचायची छोटी किल्ली, ती असली तरच सॉफ्टवेअर चालतं) लावून चालणारं मराठी फॉन्टचं पॅकेज. परदेशातल्या भावाने "आता तरी ते डबडं फेका" म्हणत एम-२ वाला मॅकबुक एअर पाठवला, ८ जीबीचा. ताईंनी व्हिडिओ बघून बघून त्यावर पॅरलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात विंडोज ११ चढवलं, पेजमेकरही उघडलं, पण मराठी पॅकेजला डोंगल दिसतच नाही. गावातला एक मुलगा म्हणतो क्रॅक, म्हणजे डोंगल चकवणारी फाइल, टाकून देतो. नवरा म्हणतो मॅक विका. बाबा (वय ६८) म्हणतात माझं चाललंय ते बरं आहे, मला यात ओढू नका. भावाला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न. "दादा, माझं नक्की कुठे चुकतंय?"

ताई, पहिलं म्हणजे तुमचं कुठेही चुकलेलं नाही. तुम्ही जे दोन रात्री बसून केलंत ते बऱ्याच इंजिनिअर लोकांना पण पहिल्या फटक्यात जमत नाही, हे उगाच बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ डोंगलची नव्हती. तिसऱ्या पॅराच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की "जुना पीसी आजकाल सुरू होताना टकटक असा आवाज करतो आणि दोनदा चालू करावा लागतो". ती टकटक बहुतेक हार्ड डिस्कची आहे. आणि तुमच्याच सांगण्याप्रमाणे तेवीस वर्षांचं काम त्या एका डिस्कवर आहे, बॅकअप म्हणून काही सीड्या आहेत ज्या २०११ नंतर कुणी उघडून बघितलेल्या नाहीत. मॅक, पॅरलल्स, भाऊ, नवरा, सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे करा. मशीन बंद करा, उगाच चालू-बंद करत बसू नका, डिस्क बाहेर काढून घ्या (किंवा काढून देणारा गाठा), तिला यूएसबीचं ॲडाप्टर लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवर अख्ख्या डिस्कची इमेज बनवा. एवढी जुनी डिस्क रुंद चपट्या पट्टीची असेल, आयडीई म्हणतात तिला, तर ॲडाप्टर त्याचंच मागा. इमेज म्हणजे फक्त फाइली कॉपी-पेस्ट नव्हे हां, डिस्क जशी आहे तशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायची. ती इमेज दोन ठिकाणी ठेवा. हे झालं की मग पुढचं वाचा, तोवर नाही वाचलंत तरी चालेल.

हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण माझे हात पोळलेले आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पुण्यात एका प्रेससाठी दिवाळी अंकाची पानं लावायचो, तेव्हा मशीन बदलायचं ठरलं आणि मी शहाणपणा करून सगळी फोल्डरं पेन ड्राइव्हवर घेतली. नव्या मशीनवर पहिली फाइल उघडली तर डोक्यावर "॥ श्री गणेशाय नमः ॥" च्या जागी टोपी घातलेले ए, दोन टिंबवाले यू आणि मधेच पौंडाची खूण. फाइली आल्या होत्या, फॉन्ट मागे राहिले होते, आणि जुनं मशीन तोवर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेलं. त्या फॉन्टांची सीडी शोधत मी आठवडाभर अप्पा बळवंत चौकापासून ते कुठे कुठे फिरलोय. म्हणून अख्खी डिस्क.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेजमेकर चाललं मग डोंगल का नाही?

तुम्ही गृहीत धरलंय की विंडोज म्हणजे विंडोज, एकदा मॅकमध्ये शिरलं की पुढचं सगळं चालायलाच पाहिजे. इथेच गोची आहे. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणं, हे आपल्या वाड्यात एक खोली भाड्याने देण्यासारखं, भाडेकरू आपल्यासारखीच भाषा बोलणारा असला की फार त्रास नाही, वाड्याचंच पाणी, वाड्याचीच वीज, थेट वापरतो म्हणून वेग चांगला मिळतो. तुमच्या मॅकची चिप एआरएम जातीची आहे, त्यामुळे तिच्यात थेट राहायला येणारं विंडोजही एआरएमवालंच लागतं, आणि पॅरलल्सने तुम्हाला तेच बसवून दिलंय, तुम्हाला न सांगता. पण पेजमेकर ७ आलं २००१ साली, ते इंटेलच्या भाषेत बोलतं. त्याच्यासाठी विंडोज ११ च्या आत एक दुभाष्या बसवलेला असतो, तो चालता चालता भाषांतर करतो, म्हणून पेजमेकर उघडलं. पण या दुभाष्याला ओटीपर्यंतच परवानगी आहे, सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या गाभ्यात, नाही! आणि डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या वस्तूची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, हा थेट स्वयंपाकघरात काम करणारा प्राणी. तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो, वीस वर्षांपूर्वीच्या डोंगलसाठी तो कुणी लिहून ठेवलेला असेल याची आशा मी धरणार नाही. म्हणजे तुम्ही पन्नास वेळा अनइन्स्टॉल-इन्स्टॉल केलंत तरी हेच होणार.

(हेच गणित डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचं, जुन्या स्कॅनरचं, प्लॉटरचं, बारकोड प्रिंटरचं. जे कोणी सीए किंवा ई-टेंडर भरणारे हे वाचत असतील त्यांनी नवा मॅक घ्यायच्या आधी "सॉफ्टवेअर चालेल का" एवढंच विचारू नका, "मागे यूएसबीत जे खोचतो त्याचा ड्रायव्हर आहे का" हे विचारा.)

मग ते व्हिडिओवाले छातीठोक कसे सांगतात की सगळं चालतं? व्हिडिओची तारीख बघा. १९९७ मध्ये कनेक्टिक्सचं व्हर्च्युअल पीसी आलं तेव्हा मॅकमध्ये पॉवरपीसी चिप असायची, विंडोज चालायचं पण बैलगाडीसारखं, कारण सगळंच भाषांतर. २००६ मध्ये ॲपल इंटेलवर आलं आणि त्याच वर्षी पॅरलल्स आलं, मग पुढची चौदा वर्षं मॅकवर विंडोज खरोखरच मस्त पळायचं, बूट कॅम्पने तर मॅक थेट विंडोजमध्येच चालू करता यायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ आला आणि पाटी परत कोरी झाली. बूट कॅम्प या नव्या मॅकवर नाहीच. पॅरलल्समध्ये विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टने अधिकृत हिरवा कंदील दिला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये, तोही एआरएमवाल्याला. तेव्हा २०१६ चा व्हिडिओ खोटं बोलत नाहीये, तो वेगळ्या मॅकबद्दल बोलतोय. कुणाच्या जुन्या इंटेल मॅकवरची तयार व्हर्च्युअल मशीनची फाइल आणून तुमच्या मॅकवर चालवू म्हटलं तर तेही कामापुरतं होणार नाही, त्याच कारणाने.

गंमत म्हणजे पेजमेकर जन्मलं मॅकवरच, १९८५ मध्ये, आल्डसने काढलेलं, ॲडोबीकडे नंतर आलं. माहेरी परत जायला एवढा त्रास!

बरं, मॅकवर मार्ग अजिबात नाही असंही नाही. यूटीएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात अख्खा जुना इंटेल पीसीच सोंग म्हणून उभा करता येतो, म्हणजे इथे दुभाष्या स्वयंपाकघरासकट सगळीकडे. त्यात विंडोज ११ टाकाल तर रडाल, पण एक्सपी एवढं हलकं आहे की ते बऱ्यापैकी चालतं. आणि एक्सपी आत असेल तर डोंगलचा मूळ ड्रायव्हरही आतच बसतो. डोंगल यूएसबीचं असेल तर ते आत जोडून द्यायची सोय आहे, पण या असल्या सोंगात डोंगल कधी घेतं कधी नाही, आणि ऐन लग्नसराईत पत्रिका अडकलेली असताना "कधी कधी" हा शब्द प्रेसमध्ये परवडत नाही. रविवारी बसून करून बघा, झालं तर छानच, पण धंदा त्यावर टांगू नका. डोंगल जर मागच्या लांबट पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसणारं असेल तर मॅकचा विषय तिथेच संपला, बाजारात यूएसबी ते प्रिंटर पोर्ट अशी वायर मिळते ती प्रिंटरपुरतीच असते, डोंगल तिच्यावर ओळखू येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं सांगतो. एक साधा सेकंडहँड इंटेलवाला डेस्कटॉप घेतला असता. फक्त बघून घ्या की प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याआधीच्या पिढ्या विंडोज ११ च्या यादीत नाहीत, दुकानदार हे मुद्दाम सांगत नाही. त्यावर पॅरलल्सच्याच कामाचं व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन टाकायचं, दुसरं नोव्हेंबर २०२४ पासून धंद्याच्या वापरालाही फुकट आहे. आणि त्याच्या आत बाबांचा एक्सपी, त्यांच्याच डिस्कच्या इमेजमधून. इथे भाडेकरू आणि वाडा एकाच भाषेचे, वेग जुन्या मशीनपेक्षा जास्तच मिळेल आणि यूएसबी डोंगल एका क्लिकने आत ढकलता येतं, बाहेरच्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर नसला तरी फरक पडत नाही, आतल्याला असला की झालं.

दोन ठिकाणी ठेच लागेल ती आधीच सांगून ठेवतो. इमेजमधून उठवलेला एक्सपी पहिल्यांदा निळा पडदा दाखवून झोपेल, ०x७बी असलं काहीतरी लिहून. घाबरू नका, त्याला डिस्कचा कंट्रोलर अनोळखी वाटतो, व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क आयडीईवर लावली की बहुतेक वेळा उठतो. दुसरं म्हणजे हार्डवेअर बदललं म्हणून तो परत ॲक्टिव्हेशन मागू शकतो, तेव्हा जुन्या कॅबिनेटवरच्या प्रॉडक्ट कीच्या स्टिकरचा कॅबिनेट भंगारात जायच्या आधी फोटो काढून ठेवा. इमेजने नाहीच जमलं तर मूळ सीड्यांवरून एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट पॅकेज असं नव्याने चढवायचं आणि डेटा आत आणायचा, वेळ जास्त जातो पण काम स्वच्छ होतं. आणि काहीही झालं तरी आतल्या एक्सपीचं इंटरनेट बंद म्हणजे बंद, एप्रिल २०१४ पासून त्याला नियमित सिक्युरिटी अपडेट नाहीत.

एकदा हे नीट चालू झालं की ती अख्खी व्हर्च्युअल मशीन बंद करून तिचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून टाका. उद्या डेस्कटॉप जळला तर दुसरा इंटेल डेस्कटॉप आणायचा आणि फोल्डर परत ठेवायचं, बाबांचं डेस्कटॉपवरचं बालाजीचं चित्र आणि "नवीन लग्न फायनल फायनल २" सकट सगळं जागच्या जागी. माझ्या मते व्हर्च्युअलायझेशनचा तुमच्यासारख्यांना खरा फायदा इथे आहे, मॅकवर विंडोज दाखवण्यात नाही.

क्रॅकचं विचारलंत म्हणून. नका करू. कायद्याचा भाग आहेच, पण त्याहून साधी गोष्ट अशी की डोंगल चकवणारी ती फाइल स्वयंपाकघरातच शिरते आणि सोबत काय घेऊन येते ते ना तो मुलगा सांगू शकत ना मी. शिवाय तुमच्या एआरएम विंडोजवर ती चालेल याचीही खात्री नाही. त्यापेक्षा फॉन्ट पॅकेजवाल्या कंपनीला बिल नंबर आणि डोंगलवरचा नंबर घेऊन फोन करा, जुन्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती काय भावात आणि डोंगलशिवाय मिळते का विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता जरा वेगळ्या बाजूने. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की बाबांना बदलायचं नाहीये. मला तसं वाटत नाही. त्यांची बोटं तीस वर्षं रेमिंग्टनच्या (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीच्या) कीबोर्डवर बसलीत, आणि मॅकवर आयता मिळतो तो इनस्क्रिप्ट, त्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. "आमचे येथे श्री कृपेकरून" हे ते न बघता ठोकत असतील, तेच नव्या कीबोर्डवर क कुठे आणि वेलांटी कुठे करत शोधायला लावलं तर कोणीही म्हणेल मला ओढू नका. त्यांच्या जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, कागदावर डावीकडे दिसते तशी, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरं टाइप करायच्या आजच्या पद्धतीत, आधी क मग वेलांटी. ऐकायला क्षुल्लक, पण बोटांना विचारा. म्हणून त्यांना एक्सपी आहे तसा द्या. जुना सीआरटी-बिआरटी, म्हणजे डबा मॉनिटर, असेल तर तेवढा बदला.

नवी कामं मात्र तुम्ही युनिकोडमध्ये सुरू करा, आणि तिथे हा मॅक उत्तम आहे, त्याला व्हर्च्युअल काही लागत नाही. मराठी फॉन्ट त्यात येतातच, शिवाय मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू वगैरे फुकट मिळतात, पत्रिकेला बलू छान दिसतो. गिऱ्हाइक आता मजकूर व्हॉट्सॲपवरच टाइप करून पाठवतं ना, तो युनिकोडच असतो, आज तुम्ही तो बघून परत जुन्या फॉन्टमध्ये टाइप करता! ते दुप्पट काम वाचेल, आणि छपाईची प्लेट काढणारा तर हल्ली पीडीएफच मागतो, ती मॅकवरून गेली की एक्सपीतून गेली त्याला काय.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण अख्खा तेवीस वर्षांचा ढीग एका दमात बदलायला बसू नका. रफार उडतो, "ऱ्ह" चा काहीतरी भलताच प्राणी होतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, प्रत्येक पान वाचावं लागतं. त्यापेक्षा महिनाभर एक वही ठेवा जुन्या मशीनशेजारी. जेव्हा जेव्हा जुनी फाइल उघडली जाईल तेव्हा कुठली आणि कशासाठी ते एक ओळ लिहायची, बाबांनाच लिहू द्या. माझा अंदाज, पतसंस्थेचा अहवाल, चार-पाच पावती पुस्तकं, पत्रिकेचे डझनभर साचे आणि "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ची ती चौकट, एवढंच परत परत निघेल. तेवढं बदलून घ्या. बाकीचं एक्सपीत झोपू द्या, लागलं तर उघडायचं आणि पीडीएफ काढायची. नुसतं आत काय आहे ते बघायचं असेल तर लिबरऑफिस ड्रॉ मॅकवर फुकट आहे, ते पेजमेकरच्या फाइली उघडतं, मांडणी थोडी हलते आणि जुना फॉन्ट नसेल तर अक्षरं टोपीवाली दिसतात, पण कुठली फाइल कशाची ते कळतं.

आणि पॅरलल्स चाचणीपुरतं घेतलं असेल तर वर्गणी भरायच्या आधी थांबा. दरवर्षीचा खर्च, वर विंडोजचं लायसन वेगळं, आणि ८ जीबीतले ४ विंडोजला दिले की मॅक स्वतःच धापा टाकतो, या मॅकची रॅम नंतर वाढवता पण येत नाही. साधी, डोंगल नसलेली एखादी विंडोजची वस्तू कधीमधी चालवायची असेल तर व्हीएमवेअर फ्यूजन फुकट आहे, तेवढ्यावर भागेल. कुठून तरी घरबसल्या प्रेसच्या डेस्कटॉपवर डोकावायचं असेल तर मॅकवर मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप टाका, आता त्याचं नाव विंडोज ॲप झालंय. फक्त प्रेसच्या विंडोजची प्रो आवृत्ती लागते त्यासाठी, होमवर जमत नाही, हे डेस्कटॉप घेतानाच बघा.

मॅक विकायचा की नाही यात मी पडणार नव्हतो खरं तर, पण वरचं लिहिता लिहिता उत्तर आलंच. भावाने पाठवलेली वस्तू तुमच्या टेबलावर राहू द्या, बाबांच्या नाही. त्याला फोनवर सांगा की बाबांचं डबडं आम्ही फेकलं नाही, नव्या डब्यात बंद करून ठेवलंय, आणि मॅकवर तुझ्या बहिणीने पहिली पत्रिका केली. पीडीएफ त्यालाच पाठवा तपासायला, एवढ्या लांबून नावातली एक तरी चूक काढेलच तो.

आज संध्याकाळी प्रेस बंद करताना फक्त मशीनच्या मागे टॉर्च मारून बघा डोंगल यूएसबीचं आहे की लांबट पिनांचं, आणि त्यावरचा नंबर लिहून घ्या. लांबट असेल तर मला परत लिहा, डेस्कटॉप घेताना आत वेगळं कार्ड बसवता येण्याजोगी मोठी कॅबिनेट बघावी लागेल आणि व्हर्च्युअलबॉक्सऐवजी व्हीएमवेअरच. आणि हो, डिस्क काढल्याशिवाय ते मशीन परत चालू करू नका, बाबा म्हणाले एकच पत्रिका काढतो तरी.